कोंबड्यांचं तीर्थ

लग्न होऊन मी देऊळघाटला आले तेव्हा माझ्याबरोबर एक ट्रंक होती, पितळी हंडे होते आणि डालग्याखाली झाकलेल्या चार-पाच कोंबड्या होत्या. ट्रंक आणि हंडे बघायला जमलेल्या बायका कोंबड्या बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला काही उमजेना. संध्याकाळी उमजलं. माझे सासरे माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकायची नाही आणि चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठ्याच्या आत यायचा नाही. अशा घरात सून आली ती कोंबड्यांचा कलकलाट घेऊन.

माझ्या आईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. माहेरी, देऊळगाव राजाला, आमचं शेत होतं, पण आईच्या हातात जे काही खुळखुळायचं ते कोंबड्यांचं. बाईच्या हाताशी स्वतःचं म्हणून काहीतरी असावं, एवढं एकच शहाणपण तिनं मला दिलं आणि तेही डालग्यात घालून दिलं. सासरची माणसं काय म्हणतील त्याचा विचार तिनं माझ्यावर सोडला होता.

आमच्यात तेव्हा सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही अशी रीत होती. त्यात रुसवाफुगवा काही नाही, नुसती रीत. ते ओसरीवर असले की मी दाराआड. काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगायचे आणि सासूबाई मला सांगायच्या, मग मी हातभर अंतरावर उभी राहून सगळं ऐकलेलं का असेना. कोंबड्यांचा निवाडा असाच झाला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, अंगणात उभे राहून सासूबाईंना म्हणाले की समोरच्या वाडीत त्यांची तुळस आणि पूजेची फुलझाडं आहेत, तिथं कोंबडीचा पाय पडता कामा नये. आवारात काही कापायचं नाही. आणि पिल्लं मरून पडायला लागली, तर कोंबड्या आल्या पावली माहेरी जातील. लहानपणी त्यांनी गावात कोंबड्यांची मरी पाहिली होती. उकिरड्यावर टाकलेली ती पिल्लं त्यांच्या डोळ्यांपुढून कधी हलली नव्हती.

ध्यानात आलं का तिच्या, असं त्यांनी शेवटी विचारलं. सासूबाईंनी दाराआड बघितलं, मी मान हलवली, आणि आलं म्हणते, असं त्यांनी कळवलं. आता हसू येतं, पण त्या दिवशी नव्हतं आलं.

मी मूळची बडबडी. दिवसभर तोंड मिटून बसायचं म्हणजे मला शिक्षाच. आमचे हे बुलढाण्याला ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सकाळी सायकलवर टांग टाकायचे ते दिवेलागणीला घरी. मग मी कोंबड्यांशी बोलायला लागले. मागच्या आवारात कण्या टाकता टाकता मनातलं सगळं त्यांना सांगायचे. एकदा म्हटलं, बायांनो, घरातलं मीठ संपलंय, पण मी सांगू कुणाला? मामाजी मागच्या ओसरीवर सूत गुंडाळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळी मीठ आलं.

झालं, मी सोकावले. विहिरीचा दोर झिजला, जळण ओलं निघालं, माझं डोकं दुखतंय, सगळं कोंबड्यांना सांगू लागले. काही दिवसांनी मामाजीही त्यांच्याशी बोलायला लागले. तुमच्या मालकिणीला सांगा, आज भाकर फार चांगली झाली होती, असं ते तांबड्या कोंबड्याला सांगायचे आणि मी चुलीपाशी बसून लाजायचे. सासूबाईंचं मधलं काम सुटलं. त्यांना आमच्या या खेळाचं हसू यायचं, पण त्यांनी तो कधी मोडला नाही. त्या घरात मला करमायला लागलं ते या खेळापासून.

पावसाळा सरला की नर पिल्लं वाढवायची आणि बुलढाण्याला पाठवायची, असा माझा धंदा होता. बुलढाणा उंचावर, हवा थंड. उन्हाळ्यात खालच्या गावांतून साहेबलोक वर येत, बंगल्यांवर पाहुणे राहत आणि खानसाम्यांना कोवळा कोंबडा हवा असायचा. हे सायकलच्या मागे पाटी बांधून घेऊन जायचे. मामाजींसमोर या गोष्टीचं नाव निघायचं नाही. तरी एकदा त्यांनी कोंबड्यांना विचारलंच, "तुमचा तो भुरा पोरगा काही दिसून नाही राह्यला."

मी घाबरले. म्हटलं, "सांगा गं त्यांना, बुलढाण्याला गेला म्हणून."

मामाजींनी माळेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "नोकरीले लागला असंन."

पहिल्याच वर्षी पिल्लांना पांढरी हगवण लागली. शेपटीखाली चुन्याचा लपका बसायचा, पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून एका जागी बसायचं आणि सकाळी ताठ झालेलं सापडायचं. पहिली दोन-तीन मी मामाजी उठायच्या आत पुरून टाकली. माझा तर धीरच सुटला होता. ह्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर जबलपूरचे. आपला वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या प्रांताला जोडलेला, त्यामुळे कुठल्या कोपऱ्यातला माणूस कुठं येईल याचा नेम नव्हता. त्यांनी हिंदीत सांगितलं ते असं, की दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सल्फाची एक नवी गोळी निघाली आहे, माणसाच्या हगवणीला देतात, ती कोंबड्यांनाही चालते. आजारी पिल्लांना चार दिवस पोटभर द्यायची आणि मग बंद करायची. ह्यांनी बाजारातून डबी आणली. गोळी चुरडून पाण्यात कालवली, चोचीत थेंब थेंब सोडली. तिसऱ्या दिवशी पिल्लं उकिरडा उकरायला लागली. मी देवापुढे साखर ठेवली.

मामाजींनी हे सगळं ओसरीवरून पाहिलं होतं. मरणाच्या दारातून परत आलेली पिल्लं त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिली. तिथून पुढं त्यांनी गोळीची डबी आपल्या ताब्यात घेतली.

रोज सकाळी पूजा आटोपली, तीर्थ घेऊन झालं, की ते मागच्या आवारात यायचे. गोळीचा एक बारीक तुकडा दोन चमच्यांमध्ये चुरडायचे, कोंबड्यांच्या पाण्याच्या थाळ्यात टाकायचे आणि वर तुळशीचं एक पान सोडायचे. आजारी असो की धडधाकट, सगळ्यांना तेच पाणी. तीर्थ काय आजाऱ्यालाच देतात? ते सगळ्यांना द्यायचं असतं, रोज द्यायचं असतं आणि पळीभरच द्यायचं असतं, असा त्यांचा सरळ हिशेब. ह्यांनी एकदा सांगून पाहिलं की बाबा, ही आजारी पडल्यावर द्यायची असते. मामाजी म्हणाले, "पडल्यावर? पडूच काऊन द्याचं?" ह्यांनी मान हलवली आणि सायकल काढली. खरं म्हणजे मलाही ते पटलं होतं, सासूबाईंनाही पटलं होतं. इतकं चांगलं औषध थोडं थोडं रोज पोटात गेलं तर बाधेल कशाला?

आणि दुसरं म्हणजे, मला त्यात फार सुख होतं. ज्या माणसानं माझ्या कोंबड्या दारात पाहून कपाळाला आठी घातली होती, तो माणूस रोज सकाळी धोतर सावरत त्यांच्या थाळ्यापुढं उकिडवा बसायचा. कोणती प्यायली, कोणती नाही, हे पाहायचा. पुढची दोन वर्षं एखाददुसरं पिल्लू घारीनं नेलं तेवढंच. शेजारणी विचारायला यायच्या की तुमच्या कोंबड्यांना काय घालता, आणि सासूबाई गंभीर तोंड करून सांगायच्या, तीर्थ.

गावाबाहेर मळा करणारी एक माळीणकाकू होती. वांगी, मेथी, मिरची पिकवायची आणि बाजाराला न्यायची. तीर्थ सुरू व्हायच्या आधीच, मी आले त्याच वर्षी, तिनं माझी एक खुडूक कोंबडी वाट्यानं नेली होती. वाट्यानं म्हणजे असं, की कोंबडी आणि अंडी आपली, उबवणं आणि सांभाळणं तिचं, आणि पिल्लं मोठी झाली की निम्मी निम्मी. कोंबडी मळ्यात रमली म्हणून मी ती परत आणलीच नाही, वाटा तेवढा दरवर्षी व्हायचा, आणि माझ्या वाटणीचे कोंबडे तिकडूनच परस्पर बुलढाण्याला जायचे. डबी नवी आली की मी काकूलाही थोड्या गोळ्या द्यायचे आणि मामाजी कसं करतात ते समजावून सांगायचे. ती दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि घरी नेऊन चिंधीत बांधून उतरंडीतल्या गाडग्यात ठेवायची. एवढी भारी चीज रोज कोंबडीच्या पाण्यात घालवायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं. हे मला पुढं कळलं.

तिसऱ्या वर्षी पांढरी हगवण परत आली. आम्ही कोणी घाबरलो नाही. ह्यांनी गोळी पोटभर द्यायला सांगितली, मामाजींनी चुरडली, मी चोचीत सोडली. पिल्लं बसलेली होती ती बसलेलीच राहिली. मात्रा वाढवली, तरी तेच. आवारात रोज सकाळी पिल्लं मरून पडायला लागली. ह्यांना वाटलं गोळीत भेसळ आहे. लढाईपासून बाजारात खऱ्याबरोबर खोटंही शिरलं होतं, तेव्हा आम्हालाही ते खरं वाटलं. मी दुकानदाराला मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं.

एक दिवस माळीणकाकू मेथी घेऊन आली. तिच्याकडे बघताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "अवं, माह्या पिल्लाइलेही लागली होती. तुह्या गोयीनं उभे राह्यले सारे." उतरंडीतली चिंधी सोडून तिनं आजारी पिल्लांना चार दिवस गोळी पाजली होती आणि मग चिंधी परत बांधून ठेवली होती. गोळ्या आमच्याच डबीतल्या. मी तिच्याबरोबर मळ्यात गेले. पिल्लं मेथीच्या वाफ्यात उकरत होती, चांगली टणक. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला नाही. माझी मरत होती आणि त्याच गोळीनं हिची जगली, याचा मला राग आला.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी ही हकीकत डॉक्टरांच्या कानावर घातली. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते गोळी कशी देता हे. ह्यांनी थाळा, तुकडा, तुळशीचं पान, सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावलं की कोंबडीच्या आतड्यात जंतू असतात, पण सगळे एका ताकदीचे नसतात. रोज चिमूटभर गोळी गेली की कमजोर मरतात आणि दांडगे तग धरतात. मग त्या दांडग्यांचीच वीण वाढते, विष्ठेतून ती मातीत पडते, मातीतून पुढच्या पिल्लाच्या पोटात जाते. दोन-तीन वर्षांत सगळं आवार त्यांचंच होतं, आणि गोळीची त्यांना खडूइतकीही भीती राहत नाही. मळ्यातल्या जंतूंनी गोळी कधी पाहिलीच नव्हती, म्हणून ते मेले. उपाय विचारला तर म्हणाले, ती जागा उन्हात ओस पडू द्या, जुन्या कोंबड्या काढा, दुसरीकडची पिल्लं आणा आणि कोंबडीचा पाय न पडलेल्या जमिनीवर वाढवा. गोळी फक्त आजाऱ्याला, पुरती, आणि मग बंद.

हल्ली पेपरात छापून येतं की मोठमोठ्या शेडमध्ये मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या पोटातले जंतू औषधांना दाद देईनासे झाले आहेत. नातवंडं मला ते मोठ्यानं वाचून दाखवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी म्हणते, हे मी देऊळघाटला पाहिलंय, पुढचं वाचा.

त्या संध्याकाळी हे घरी आले आणि चुलीपाशी बसून त्यांनी मला सगळं हळू आवाजात सांगितलं. वर बजावलं, "बाबाले सांगू नको. लय लागंन त्यायच्या जीवाले." हवा बदलली म्हणून झालं, असं सांगून मोकळं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. मला पटलं नाही, पण मी भाकरी थापत राहिले.

मामाजींकडे बघवत नव्हतं. मेलेली पिल्लं ते आता स्वतःच उचलायचे, हातात धरून कुंपणापाशी न्यायचे आणि पुरायचे. पहिल्या दिवशीची अट मोडली होती, पण ती त्यांनी तोंडातून काढली नाही. शब्द मी दिला होता, म्हणून मीच एका सकाळी उरलेल्या कोंबड्या डालग्याखाली घेतल्या. त्यांना म्हटलं, चला बायांनो, माहेरी जायचंय. कोंबड्या गेल्या की मी सांगणार कुणाला आणि मामाजी बोलणार कुणाशी? दोघांनी पुन्हा दाराच्या अल्याड-पल्याड बसायचं, आणि मधे सासूबाईंची ये-जा.

मामाजी थाळ्यापाशी येऊन बसले, तशी मी दाराआड झाले. ते कोंबड्यांना म्हणाले, "एवढ्यात काऊन जाता? दोन दिवस थांबा. उद्यापासून तीर्थ वाढवून पाहू."

ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. हा माणूस असाच रोज जीव लावून गोळी चुरडत बसणार, पिल्लं मरत राहणार, आणि आपलंच कुठं कमी पडतंय असं याला वाटत राहणार. मी पदर डोक्यावर ओढला, दाराआडून बाहेर आले आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"मामाजी, तीर्थ वाढवू नका. रोजच्या गोळीनंच हे झालंय."

सासूबाई सूप हातात घेऊन जागच्या जागी थांबल्या. मी जंतूंबद्दलचं डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं, काही गाळलं नाही. मामाजी ऐकत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "म्हणजे मीच मारले?"

"तुम्ही जगवायला बघत होतात. आम्हालाही तेच बरोबर वाटत होतं," मी म्हणाले.

त्यांनी थाळ्यातलं पाणी ओतून टाकलं आणि थाळा पालथा घातला. मग त्यांनी उपाय विचारला. मी सांगितलं की कोंबडीचा पाय न पडलेली जमीन हवी. आमच्या आवारात अशी जागा कुठली, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मी ते नावही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याला निघाले तर मामाजी समोरच्या वाडीचं काटेरी कुंपण उपटत होते. झेंडूची रोपं त्यांनी कडेला नेऊन लावली होती. निघालेले काटे त्यांनी एकट्या तुळशीभोवती गोल रोवले आणि बाकीची सगळी वाडी मोकळी केली. जुन्या कोंबड्या त्याच आठवड्यात बुलढाण्याला गेल्या. माहेराहून आलेल्या दोघी त्यांत होत्या. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि मामाजीही अर्ध्या भाकरीवर उठले.

मळ्यातल्या पिल्लांचा वाटा करायचा होता. वाटा करताना घरचा पुरुषमाणूस समोर लागतो, आणि हे तर दवाखान्यात. मी काकूला निरोप पाठवायच्या बेतात होते. तेवढ्यात मामाजींनी उपरणं खांद्यावर टाकलं, खुंटीची टोपली काढली आणि सासूबाईंना म्हणाले की मळ्यात जाऊन येतो, सूनबाईला संगं घेतो. सासूबाईंनी हे मला परत सांगितलं नाही. नुसत्या हसल्या.

काकूनं वाटा चोख केला, एक तुझं, एक माझं. आमचं पिल्लू आलं की ती ते मामाजींच्या हातात द्यायची. पहिलं हातात आलं तेव्हा त्यांनी त्यावर दुसरा तळहात झाकला, कारण आजवर त्यांनी हातात धरली होती ती मेलेलीच पिल्लं. सगळी टोपलीत घालून त्यांनी वर आपलं उपरणं झाकलं, आणि टोपली कुणाच्या हातात न देता स्वतःच छातीशी धरून निघाले. मी रीतीप्रमाणं चार पावलं मागं.

पाराजवळ त्यांची भजनातली मंडळी बसली होती. मी भिंतीला टेकून थांबले. टोपलीतून चिवचिवाट ऐकू येतच होता. एकानं विचारलं, बुवा, माळ उतरवली की काय? बाकीचे हसले. मला वाटलं आता मामाजी वाट वाकडी करून घाईनं निघून जातील.

ते थांबले. "माळ हाये गळ्यात," ते म्हणाले. "कोंबड्या सुनेच्या हायेत, अन् जागा माह्यी हाये."

मग ते मागं वळले. सगळ्या पारासमोर त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"सूनबाई, मांगं काऊन राह्यली? बरोबर चाल. पिल्लाइले ऊन लागून राह्यलं."

मी पदराची सावली टोपलीवर धरली आणि घरापर्यंत त्यांच्या बरोबरीनं चालत गेले.